ड्रॅगनच्या तोंडातला ढग

सासूबाई पहिल्यांदा जर्मनीत, आखनला आल्या, तेव्हा मी बॅटऱ्यांच्या दुकानात काम करते असं त्यांना सांगितलेलं होतं. खोटं नव्हतं ते. बॅटऱ्या होत्याच दुकानात, काचेच्या कपाटात ओळीने लावलेल्या. फक्त त्या कशात घालायच्या हे आमच्या ह्यांनी आईला सांगितलं नव्हतं, आणि मीही आपण होऊन तोंड उघडलं नव्हतं. जळगावच्या आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा सासऱ्यांची पाठ वळल्यावर तोंडात टाकायचे सगळे. तिथे 'तुमची इंजिनियर सून जर्मनीत ई-सिगारेटी विकते' हे सांगणार कोण?

विकत होते मात्र. चांगली बारा वर्षं. पुण्याची मेकॅनिकलची पदवी, आवडता विषय उष्णतेचं वहन, आणि इथे आल्यावर जर्मन येत नाही म्हणून घरात भाज्या चिरत बसलेली. ओळखीच्या एका बाईंचं दुकान होतं, त्यांना बिघडलेली यंत्रं उघडून बघणारं कुणीतरी हवं होतं. तात्पुरतं म्हणून गेले आणि तिथेच मुरले. गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हापासून जो भेटतो तो विचारतो, 'तिथे नेमकं करत काय होतात?' म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ज्यांनी ही वस्तू लांबूनच पाहिली आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. आत एक बॅटरी असते. तिच्या वरच्या टोकाला स्प्रिंगसारखी गुंडाळलेली बारीक तार, तिला कॉइल म्हणायचं. कॉइलच्या पोटातून कापसाची वात जाते आणि वातीची दोन्ही टोकं लिक्विडमध्ये बुडलेली असतात. बटण दाबलं की तार तापते, वातीतल्या लिक्विडची वाफ होते, ती गार हवेत आली की तिचं धुकं होतं. धूर नव्हे. आत काही जळत नाही. जळलं तर आमचं काम चुकलं असं समजायचं.

पहिल्या दिवशी मालकीणबाईंनी मला हे झाकण काढून दाखवलं. नखाएवढी तार, चिमूटभर कापूस, आणि बघता बघता टेबलावर ढग! चार वर्षं ज्या विषयाची मी घोकंपट्टी केली, तो विषय मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसला. मी म्हटलं, 'परत करा ना.' बाईंनी न कंटाळता सात वेळा करून दाखवलं. बारा वर्षांत मी तो ढग हजारो वेळा पाहिला असेल, पण कंटाळा म्हणून कधी आला नाही. अजूनही वाटतं, एवढ्याशा वातीत एवढं मावतं कसं?

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. ही वस्तू चांगली आहे असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ज्याने सिगारेटला हात लावला नाही, त्याने आमच्या दुकानाची पायरी चढू नये, असं मी तोंडावर सांगायचे. त्यावरून मालकीणबाई चिडायच्या, पण काढून नाही टाकलं त्यांनी मला.

तर गिऱ्हाईक. जो येईल त्याची मागणी एकच, ढग मोठा करून द्या. आणि इंटरनेटवर त्यावर औषधही एकच, कॉइलचा रोध कमी करा. रोध म्हणजे विजेच्या वाटेतली अडवणूक. अडवणूक कमी केली की वीज धो धो वाहते, तार लालबुंद होते, ढग मोठा होतो. खरं आहे ते. पण वीज येणार कुठून? त्याच बोटाएवढ्या बॅटरीतून ना? तिचीही काही ऐपत असते. ऐपतीबाहेर मागितलं की ती तापते, आणि एखादीचं डोकं फिरलं तर फुटते.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. कळलं मात्र आपल्याच एका मुलामुळे. नागपूरचा, इथे युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होता, मला 'काकू' म्हणायचा. गोड बोलून त्याने जाड तार मागितली, मी दिली. तीन आठवड्यांनी आला तो मांडीला बँडेज बांधून. जवळजवळ शून्य रोधाची कॉइल, ज्यात सुरक्षेचं सर्किटच नाही असं नळीसारखं यंत्र, आणि ते पँटच्या खिशात फुटलं. वर मलाच समजावतो, 'काकू, तुमची काही चूक नाही.' होती ना! तार कशाला हवी हे मी विचारलंच नव्हतं. दुकानात मराठी बोलणारा कुणी आला की मी पाघळायचे, तशी पाघळले. ते बँडेज आजही डोळ्यांपुढे येतं. त्यानंतर मी तसली तार आणि तसली नळी कुणालाही दिली नाही, मग समोरचा कितीही गयावया करो.

म्हणूनच हेर, म्हणजे श्रीयुत, लेनर्ट्झना मी पहिल्याच वाक्याला 'नाही' म्हटलं.

नोव्हेंबर महिना होता. लांब, हडकुळे, सत्तरीला टेकलेले गृहस्थ. बरोबर बायको, इंग्रिड. त्या दाराशीच उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. हेर लेनर्ट्झ मला ओळखीचे होते. उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, 'यापुढे सिगारेट ओढायची असेल तर माझ्याकडे येऊ नका.' तेव्हा त्यांनी माझ्याकडून एक साधंसुधं यंत्र नेलं होतं आणि सिगारेट खरंच सोडली होती.

'फ्राऊ चौधरी, मला अगदी कमी रोधाची कॉइल हवी. आणि ती नळी.'

'नळी मी विकत नाही. कशाला हवीय पण?'

'ढग पाहिजे. मोठा. माझ्यासाठी नाही, ड्रॅगनसाठी.'

मी इंग्रिडबाईंकडे पाहिलं. ऑपरेशननंतर कधीकधी माणसं भ्रमतात म्हणतात. बाई म्हणाल्या, 'गेनाऊ, अगदी बरोबर. ड्रॅगनसाठी.'

मग उलगडा झाला. नवराबायकोचं बाहुल्यांचं छोटं थिएटर होतं, एका तळघरात, पन्नासेक मुलं बसतील एवढं. त्यातला ड्रॅगन हा सगळ्यात म्हातारा नट. लाकडी जबडा माझ्या हाताएवढा लांब. दोघं त्याला 'डेर आल्टे', म्हणजे म्हातारबुवा म्हणायचे. खेळात तो तीन वेळा श्वास सोडतो, आणि तिसऱ्या श्वासाला सगळं जंगल झाकून जातं. तीस वर्षं हेर लेनर्ट्झ पडद्यामागे उकिडवे बसून सिगारेटचा धूर रबरी नळीतून त्या जबड्यात फुंकत आले होते. पालकांच्या तक्रारी, इंग्रिडबाईंची भांडणं, सगळं झालं, पण हा बाबा बधला नव्हता. थिएटरवाल्यांचं धुक्याचं मोठं यंत्र आणून पाहिलं, तर तळघर भरून गेलं आणि वरच्या मजल्यावरचा अलार्म वाजला. शेवटी ऑपरेशनने जमवलं. आता ते माझ्या यंत्रातून, बिननिकोटीनचं लिक्विड घालून फुंकत होते.

'गेल्या रविवारी डेर आल्टेने श्वास सोडला,' ते म्हणाले, 'आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी मोठ्याने म्हणाली, ममा, त्याला सर्दी झालीय. सगळी मुलं हसली. माझा ड्रॅगन, आणि हसली!'

हसू कसलं येतंय मला!

'आडव्हेंटच्या पहिल्या रविवारी मोठा खेळ आहे,' ते म्हणाले. आडव्हेंट म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे. 'तोवर ढग नाही मिळाला तर मी सिगारेट पेटवणार. एकच. तिसऱ्या श्वासापुरती.'

'एकच, एकच, असं तू तीस वर्षं म्हणतोयस,' इंग्रिडबाई दारातून म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी, पण डोळे भरले होते. 'फ्राऊ चौधरी, ह्याची एक कधी एक राहिलेली नाही.'

तीन आठवडे हातात होते. एका माणसाचा जीव आणि एका लाकडी जनावराची इज्जत, दोन्ही माझ्या टेबलावर येऊन पडली होती. मी म्हटलं, 'नळी मिळणार नाही. ढग मिळेल.' म्हटलं खरं, आणि रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या.

ढगाला आच लागते हे खरं, पण नुसत्या आचेने ढग होत नाही. बासुंदी आटवायला आपण उभट पातेलं घेऊन खाली भट्टी पेटवतो का? पसरट कढई घेतो आणि मध्यम आचेवर बसतो. तसंच इथे. मी रोध मध्यमच ठेवला, पण एका तारेऐवजी दोन बारीक तारा शेजारी शेजारी घेऊन लांब कॉइल गुंडाळली, म्हणजे तापणारी जागा वाढली. हवेची भोकं मोठी केली. लिक्विड बदलून जाड ग्लिसरीनचं घेतलं; रंगमंचावरच्या धुक्यातही तेच असतं, त्याचं धुकं घट्ट होतं. आणि हेर लेनर्ट्झना सांगितलं, सिगारेटसारखं चोखू नका, सरबतासारखं सावकाश ओढा.

पहिला झुरका छान आला. दुसऱ्याला त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि खोकल्याची अशी उबळ आली की इंग्रिडबाईंनी धावत येऊन त्यांची छाती धरली. वात कोरडी पडून कापूस जळला होता. जाड लिक्विड वातीत वेळेवर चढतच नव्हतं. मी कापूस वाढवला, तर जास्त जळला. कमी केला, तर लिक्विड गळायला लागलं. पाच दिवस हेच. सहाव्या दिवशी वैतागून सगळा पसारा घरी नेला आणि जेवणाच्या टेबलावर मांडला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती वळत बसल्या होत्या. जळगावहून येताना बाईंनी सामानात कापूस भरून आणला होता, घरी सरकी काढलेला. 'इथे मिळतो हो कापूस,' म्हटलं तर, 'मिळत असेल, पण कुणाच्या हातचा?' म्हणाल्या होत्या.

'हे काय गं?'

कुठवर लपवणार? सांगून टाकलं. दुकान, सिगारेट, सगळं. त्यांचे हात थांबले.

'म्हणजे बिडीचं दुकान.'

'बिडी नाही आई, ते—'

'मला शिकवू नकोस.' आणि तोंड फिरवून पुन्हा वळायला लागल्या. अर्धा तास वातींचा ढीग वाढत गेला. आमचे हे तर बेडरूममध्ये जाऊन झोपल्याचं सोंग घेऊन पडले.

मग एकदम विचारणा झाली, 'ती वात कुणी वळली?'

'मी.'

'दिसतंच आहे. पीळ किती दिलास! घट्ट वातीला तेल चढतं का कधी? टोक काजळतं नुसतं. आणि कापूस कोंबलायस किती, उशी भरतेस की काय?'

मी थक्क. पुण्याच्या कॉलेजात केशाकर्षणावर, म्हणजे वातीत तेल का चढतं ह्यावर, मी वीस मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. ह्या बाई चौथी शिकलेल्या. मी त्यांना म्हाताऱ्याची सगळी हकीकत सांगितली.

'थांब थांब. बिडी सोडलेला माणूस, आणि राक्षसासाठी परत धरणार?'

'हो.'

'राक्षसासाठी?'

'हो ना आई.'

'कर्म माझं! आण इकडे ते.'

त्यांच्या हातांकडे मी लग्न झाल्यापासून बघत होते, पण पाहिलं त्या दिवशी. चिमटीत कापूस धरून त्या तो ओढत नव्हत्या, मोकळा करत होत्या. तंतू न् तंतू एका दिशेला. मग तळहातावर एकच फिरकी. वात दिसायला अगदी शेळपट, पण उचलली तर तुटत नव्हती. माझ्या दुकानात मोजमापाचं यंत्र होतं, त्यावर रोध दशांशात दिसायचा. ह्या बोटांत काय बसवलं होतं कोण जाणे! मी ती वात कॉइलमध्ये घातली, लिक्विड सोडलं, आणि बघते तर ते सरसर चढत होतं. मी टेबलावर थाप मारून ओरडलेच. बेडरूममधले झोपलेले गृहस्थही बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी तालमीला सासूबाईंना घेऊन गेले. ऐटीत वात घातली, ऐटीत म्हटलं, 'ओढा.' हेर लेनर्ट्झनी ओढलं, रबरी नळीत फुंकलं. ढग आला, मोठा आला, आणि त्याबरोबर तळघरभर असा वास सुटला की सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

'आल्झो, काय मग,' हेर लेनर्ट्झ म्हणाले, 'आज डेर आल्टे स्वयंपाक करतोय का?'

सासूबाईंना जर्मनचा गंध नव्हता, पण हा गंध ओळखीचा होता. त्यांनी कपाळावर हात मारला. 'अगं बाई! दूध! बोटाला दूध लावलं ना मी!' वात वळताना बोट दुधात बुडवायचं, म्हणजे कापूस सुटत नाही, जन्मभराची सवय. शेजारी दुधाची वाटी होती, मी ती पाहिलीही होती. पण आमच्याकडे ती असतेच, म्हणून मला काही वेगळं वाटलंच नव्हतं. जर्मन कारागीर असता तर त्याने पहिल्यांदा तीच उचलून बाजूला ठेवली असती.

बाई इतक्या ओशाळल्या की 'चल घरी' म्हणून उठल्याच. इंग्रिडबाईंनी त्यांना हाताला धरून बसवलं आणि कॉफी दिली. मग तिथेच, ड्रॅगनच्या शेपटीशेजारी बसून, कोरड्या हाताने त्यांनी नवी वात वळली. दुधावाचून मध्ये पीळ टिकेना, म्हणून फक्त टोकांना दिला. मधला कापूस तसाच मोकळा राहिला. आणि गंमत बघा, जी वात आम्हाला हवी होती ती हीच. मधे मोकळी, टोकांना आवळलेली, पोटभर पिणारी. एक अट मात्र राहिलीच. मोठ्या श्वासाआधी दहा आकडे मोजून थांबायचं, वातीला पिऊ द्यायचं. हेर लेनर्ट्झनी मान डोलावली. थांबणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, हे मला इंग्रिडबाईंच्या चेहऱ्यावर दिसलं.

आडव्हेंटचा रविवार. तळघर भरलेलं, मुलं दाटीवाटीने, पहिल्या रांगेत नऊवारीवर जाड कोट घातलेल्या सासूबाई. मी पडद्यामागे, लिक्विडची बाटली घेऊन. हेर लेनर्ट्झ उकिडवे बसलेले, एका हातात यंत्र. त्यांच्या जाकिटाच्या खिशातून सिगारेटच्या पाकिटाचा कोपरा दिसत होता. इंग्रिडबाईंनाही तो दिसत होता, पण त्यांच्या दोन्ही हातांत बाहुल्या होत्या.

पहिला श्वास झकास. मुलांनी 'ओऽऽ' केलं. त्याने हेर लेनर्ट्झ चेकाळले आणि दुसरा श्वास घाईत घेतला. वात कोरडी पडली. त्यांनी खोकला आवंढ्यासारखा गिळला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि नळीतून बाहेर पडली ती जेमतेम फुंकर. पुढून कुणीतरी खुदकन हसलं.

त्यांचा हात खिशाकडे गेला.

बोलायची सोय नव्हती. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले, दहाही बोटं वर केली आणि एक एक मिटायला लागले. दहा. नऊ. ते माझ्याकडे रागाने बघत होते. वर स्टेजवर काही घडत नव्हतं, ड्रॅगन नुसता जबडा उघडून गप्प. इंग्रिडबाईंच्या हातातला विदूषक, तो बिचारा संवाद नसताना पुढे आला आणि मुलांना हळूच म्हणाला, 'शूऽऽ. हसू नका. तो श्वास घेतोय.'

सहा. पाच. हसणं थांबलं. चार. कुणीतरी लहानगं 'ममा' म्हणालं. तीन. हेर लेनर्ट्झचा खिशातला हात बाहेर आला, रिकामा. दोन. एक.

त्यांनी ओढलं, सावकाश, डोळे मिटून, आणि नळीत सोडलं. ढग जबड्यात मावला नाही. दातांमधून ओघळला, जंगल गिळलं, स्टेजच्या कडेवरून खाली उतरला आणि मुलांच्या गुडघ्यांपर्यंत गेला. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. पन्नास मुलं आणि एक आवाज नाही. मला त्या ढगातली तार न् तार ठाऊक होती, वातही माझ्या घरची, तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. कॉइल, रोध, ग्लिसरीन, सगळं विसरले. समोर एक प्रचंड म्हातारं जनावर होतं आणि ते जिवंत होतं. माझे हात आपोआप जोडले गेले, खोटं कशाला सांगू?

खेळ संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, 'लाकडाचा आहे हे ठाऊक होतं मला. तरी पाय वर घेतले.' जळगावला फोनवर त्या सांगायला लागल्या की सून नाटकात ढग करते. आम्ही कुणी दुरुस्त केलं नाही.

पाकीट त्याच संध्याकाळी इंग्रिडबाईंकडे गेलं, न उघडलेलं. त्यानंतर हेर लेनर्ट्झनी सिगारेट पेटवली नाही. तीस वर्षं आधी पेटवली नसती तर, हा विचार मात्र माझ्या मनात यायचा, कारण पुढच्या हिवाळ्यात त्यांना जिना चढताना धाप लागायला लागली आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात इंग्रिडबाई एकट्याच दुकानात आल्या.

'त्याला आता ओढवत नाही,' म्हणाल्या. 'डॉक्टरांनी हेही बंद केलंय. ड्रॅगनचा खेळ आम्ही काढून टाकतोय. तुम्हाला सांगायला आले.'

मी त्यांना थांबवलं. हवेची गादी फुगवायचा पायाने दाबायचा पंप असतो, तो आणला. त्याची नळी यंत्राच्या हवेच्या भोकांना जोडली, म्हणजे हवा तोंडाने ओढायची नाही, पायाने ढकलायची; बटणही पायाखालीच आणलं. ही युक्ती मला पहिल्याच आठवड्यात सुचली होती, पण हेर लेनर्ट्झना ड्रॅगनचा श्वास स्वतःच्याच छातीतून द्यायचा होता, म्हणून मी बोलले नव्हते. आता इंग्रिडबाईंनी दोन्ही हातांत बाहुल्या घेऊन पायाने पंप दाबून पाहिला, आणि खुर्चीवर बसून रडल्या.

त्यानंतरच्या रविवारी हेर लेनर्ट्झ पहिल्या रांगेत बसले होते, माझ्या शेजारी, मुलांच्या बुटक्या स्टुलावर, गुडघे पार हनुवटीपर्यंत आलेले. अंधार झाला, जबडा उघडला. पहिला श्वास. दुसरा. मग शांतता, आणि मी ऐकलं, ते तोंडातल्या तोंडात मोजत होते. ढग दातांमधून ओघळून आमच्या पायांशी आला. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

'फ्राऊ चौधरी, एवढा मोठा आहे तो?'

'हो,' मी म्हटलं. 'तुम्हाला नव्हतं ठाऊक?'

'कसं असणार?' ते म्हणाले. 'मी कायम त्याच्या मागे होतो.'